मालकाच्या मर्जीपासून तिकिटापर्यंत

इंग्लंडच्या ग्रामीण भागात सुटीच्या दिवशी मुलाबाळांसह उमरावांचे प्रासाद पाहावयास जाणे, हा तेथील सामान्य कुटुंबांचा आवडता रिवाज आहे. अठराव्या शतकातही सभ्य प्रवाशांना असे काही प्रासाद दाखविले जात. पण ते मालकाच्या मर्जीने. मर्जीची जागा गरजेने घेतली ती विसाव्या शतकात. १९४९ साली फार मोठ्या मालमत्तेवरील मृत्युकर शेकडा ८० पर्यंत चढला. त्याच वर्षी विल्टशरमधील लाँगलीट हा प्रासाद त्याच्या मालकाने तिकीट लावून खुला केला. १९६६ मध्ये तेथे सिंहही आणले. १९५० मध्ये डेव्हनशरचे दहावे ड्यूक वारले, आणि करापोटी त्या घराण्याला हार्डविक हॉल सोडावा लागला. १९५९ पासून तो नॅशनल ट्रस्टकडे आहे.

परंतु दरवाजा उघडला म्हणजे इतिहास उघडला, असे होत नाही. ग्लॉस्टरशरमधील सेझिनकोटचा मोगली घुमट पाहून मुले हरखतात. तो तेथे का आहे, हे सांगताना चार्ल्स कॉकरेलच्या ईस्ट इंडिया कंपनीतील चाकरीची गोष्ट टाळता येत नाही. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने आपल्या ९३ स्थळांचा वसाहती व गुलामगिरी यांच्याशी असलेला संबंध प्रसिद्ध केला, तेव्हा मोठे वादळ उठले. सहलीचा आनंद नासू नये, ही तक्रार आम्ही समजू शकतो. तथापि छतावरील नक्षी दाखवावी आणि तिचा पैसा कोठून आला ते झाकावे, हे आम्हांला मान्य नाही. त्या मुलांना दोन्ही कळले पाहिजे.