तुडूम : गळतीची विनाखोदाई दुरुस्ती

तलावाची पाळ न फोडता तिच्या पोटातून जाणाऱ्या निर्गम मार्गाची, म्हणजे तुडुमाची, गळती थांबवण्याची रीत. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या मुलखात पावसाचे वाहते पाणी अडवणारे हजारो माजी मालगुजारी (मामा) तलाव आहेत. त्यांतले बरेच गोंड राजवटीत कोहळी समाजाने बांधले. 1951 च्या सुमारास मालगुजारी, म्हणजे सारावसुलीची जमीनदारी पद्धत, संपली, तलाव शासनाकडे गेले आणि गावाच्या हातून होणारी देखभाल मंदावली.

जुन्या तुडुमाचे दगडी सांधे सुटले की पाणी मार्गाबाहेरच्या मातीतून वाट काढते. बाहेर येणारे पाणी नितळ असेल तर विचाराला सवड असते. गढूळ झाले तर पाळीची माती वाहू लागली आहे, आणि मग एक दिवसही दवडू नये. मातीच्या बांधात निर्गम मार्ग ही सर्वांत नाजूक जागा. 12 जुलै 1961 रोजी पानशेत धरण फुटले, तेही या मार्गावरचा भराव खचून पाणी माथ्यावरून गेल्याने.

पाळ खोदून तुडूम बदलण्याचा मोह टाळावा. पिढ्यान्‌पिढ्या दबून बसलेल्या मातीशी नवा भराव सहसा एकजीव होत नाही. पुढची गळती त्याच सांध्यातून सुरू होते. त्याऐवजी उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर मार्गात कॅमेरा सोडून सांधे तपासतात. मार्ग पुरेसा रुंद असेल तर आत प्लास्टिकचा (एचडीपीई) अखंड पाइप सरकवून भोवतालची पोकळी सिमेंटच्या पातळ लगद्याने भरतात. दाब कमीच ठेवावा लागतो, नाहीतर पाळीलाच चिरा जातात. गोल सिमेंट पाइपांसाठी राळेत भिजवलेले अस्तर आत घट्ट करण्याची पद्धतही आहे. ती 1971 मध्ये लंडनमध्ये प्रथम वापरली गेली. पाण्याशी संयोग होताच फुगणारे पॉलियुरेथेन वाहती गळती चटकन अडवते. मात्र पाणी शोषून फुगणारे जेल वैशाखात तलाव आटल्यावर आक्रसते, म्हणून इथे त्याच्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नये.

गळती पाण्याच्या बाजूनेच बुजवावी. शेताच्या बाजूचे तोंड लिंपले तर दाब आतच साठतो. तिथे वाळू-गिट्टीचा थर द्यावा, म्हणजे पाणी निघून जाते आणि माती अडते. पाळीवरची मोठी झाडेही अविचाराने तोडू नयेत. कुजलेली मुळे नव्या वाटा करून देतात.