हँडलचा कॅमेरा आणि आपली माणसे

एकेकाळी आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या मोटेचा दोर तुटला, तर तो कोणाची वाट पाहत बसत नसे. दोर जोडायचा, चाकाच्या कण्याला वंगण द्यायचे, मोटेला टाका घालायचा आणि पुन्हा बैल जुंपायचे. मोट त्याची होती, कारण ती दुरुस्त करण्याची विद्याही त्याची होती. नुसती पावती खिशात असली म्हणजे यंत्र आपले झाले, असे नव्हे. हीच कसोटी आज आपण कॅमेऱ्याला लावून पाहू. हे परदेशी यंत्र मराठी माणसांनी आपले कसे केले, त्याची ही हकिकत आहे.

सन १९१२. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे आपले दादासाहेब, लंडनला गेले. तिथे त्यांनी विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा घेतला. कच्च्या फिल्मची आणि तिला भोके पाडण्याच्या यंत्राची मागणी नोंदवली आणि एप्रिलमध्ये ते परत आले. या खटाटोपासाठी त्यांना विम्याची पॉलिसीही तारण ठेवावी लागली. घरी आल्यावर पहिले काम काय केले असेल? कुंडीत वाटाणा पेरला! रोप वाढत होते तसतशी त्याची चित्रे ते सुमारे महिनाभर घेत राहिले. मग पडद्यावर लोकांनी पाहिले, की मातीतून कोंब वर येतो आहे आणि पाहता पाहता त्याचा वेल होतो आहे. यंत्र हातात मुरले होते, त्याची ही साक्ष.

आता हा कॅमेरा चालत कसा होता, ते थोडक्यात पाहू. त्याला मोटार नव्हती. बाजूला एक हँडल असे, रहाटासारखे फिरवायचे. त्या काळच्या पुष्कळ कॅमेऱ्यांत हँडलच्या एका फेऱ्यात आठ चित्रे उतरत. सेकंदाला दोन फेरे, म्हणजे सोळा चित्रे. हात मंदावला तर पडद्यावरची माणसे धावत सुटायची. हात घाईत फिरला तर तीच माणसे पाण्यात चालल्यासारखी दिसायची. म्हणून हाताला भजनातल्या टाळकऱ्यासारखा ठेका लागे. दादासाहेबांनी हे काम आपले मित्र त्र्यंबक तेलंग यांना शिकवले, आणि 'राजा हरिश्चंद्र'चे चित्रण तेलंगांनी केले. ३ मे १९१३ रोजी तो चित्रपट मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लागला.

पण हँडल फिरवणे हे निम्मेच काम. फिल्म येई ती कडेला भोके नसलेली. प्रत्येक चित्रामागे फिल्मच्या दोन्ही कडांना चार चार भोके लागतात, आणि एका फुटात सोळा चित्रे बसतात. हिशेब करा. एका फुटाला एका कडेची चौसष्ट भोके, आणि शंभर फुटांना सहा हजार चारशे! तेही अंधारात बसून करायचे, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाई फाळके करीत. फिल्म धुण्याची रसायनेही त्या तयार करीत. घरचा स्वयंपाक, मुलेबाळे सांभाळून ही माउली यंत्रावर बसत होती. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात दादासाहेबांच्या नावाशेजारी हे नाव लिहिले पाहिजे.

इथून पुढची पायरी कोल्हापूरने चढली. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे चुलतबंधू. नाटकाचे पडदे रंगवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. फाळक्यांचा चित्रपट पाहिला आणि दोघांना ध्यास लागला. कॅमेरा आपणच का बनवू नये? पण काम अर्ध्यावर असतानाच, १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी मात्र ते सोडले नाही. आपले शिष्य विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ साली त्यांनी चालणारा कॅमेरा उभा केला.

यात एवढे अवघड ते काय, असे कोणी विचारील. बघा, कॅमेऱ्याच्या आत एक लहानसे नख असते. ते फिल्मच्या भोकात शिरते, फिल्म एका चित्राइतकी खाली ओढते आणि बाहेर निघते. फिल्म अगदी स्तब्ध उभी राहते, झडप उघडते, प्रकाश पडतो, झडप मिटते. सेकंदाला हे सोळा वेळा! चाकाचा एक दाता केसभर चुकला तरी पडद्यावरचे चित्र थरथरते. रंगाचा कुंचला धरणाऱ्या हातांनी हे गणित जमवले.

त्याचे फळ पुढे दिसले. १९२० साली 'सैरंध्री' आला, १९२५ साली शेतकऱ्याच्या कर्जाची कथा सांगणारा 'सावकारी पाश' आला. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'प्रभात' काढली. ही मंडळी बाबूरावांच्या कारखान्यात तयार झाली होती. कोल्हापूरचा तो कॅमेरा म्हणजे एक शाळाच ठरली.

मूकपटांच्या काळातले आपले बहुतेक चित्रपट आज उरलेले नाहीत. विद्याही अशीच जाते, गाजावाजा न करता. कोणाच्या माळ्यावर वडिलांचा, आजोबांचा जुना कॅमेरा असेल. तो भंगारात घालू नका. चामड्याच्या पेटीतून बाहेर काढा, कारण चामडे ओल धरते आणि पावसाळ्यात भिंगावर बुरशी चढते. कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. भिंगावरची धूळ आधी मऊ ब्रशाने झाडा, मगच पुसा. खटका ताणून ठेवू नका, स्प्रिंग थकते. महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर तो चालवा, म्हणजे आतले वंगण गोठत नाही. शिवणयंत्राचे तेल मात्र आत सोडू नका. ते पात्यांवर पसरले की शटर चिकटते. पुढचे काम जाणत्या कारागिराचे. असे कारागीर आता थोडे आहेत. त्यांच्याजवळ एखादा होतकरू मुलगा किंवा मुलगी शिकायला बसली, तर किती बरे होईल!

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. रीळ नसलेल्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण उघडा, तो खिडकीकडे धरा, वेग एक सेकंदावर ठेवा आणि मुलांना खटका दाबायला सांगा. झडप उघडताना, मिटताना ती स्वतः पाहतील. मग वेग वाढवत जा. प्रकाश आणि काळ यांचा संबंध फळ्यावर समजावून सांगायला तास लागतो, तो इथे पाच मिनिटांत डोळ्यांसमोर येतो. आणि एखादे चुणचुणीत पोर विचारील, "गुरुजी, हे आत कसं चालतं?" त्याला गप्प बसवू नका. कोल्हापूरच्या त्या दोघा भावांनी स्वतःला हाच प्रश्न विचारला होता.