देवाच्या ‘ग्रंथा’तील सिद्धता

गणित हे तर्काखेरीज अन्य कोणताही पुरावा न मानणारे शास्त्र. तेथे श्रद्धेला स्थान नाही, आप्तवाक्याला नाही आणि बहुमतालाही नाही. तरीही एखादी सिद्धता अतिशय सुंदर असली की गणितज्ञांच्या तोंडी देवाचे नाव येते. विशेष म्हणजे, असे बोलणाऱ्यांत आस्तिकांइतकेच नास्तिकही असतात. गणितज्ञांच्या या सवयीमागे गणिताच्या स्वरूपाविषयीचा एक जुना आणि आजही न मिटलेला प्रश्न दडलेला आहे.

एर्डिश यांचा ‘ग्रंथ’

या सवयीला सर्वाधिक प्रसिद्धी मिळाली ती हंगेरीचे गणितज्ञ पॉल एर्डिश (१९१३-१९९६) यांच्यामुळे. देवाजवळ एक ग्रंथ आहे आणि त्यात प्रत्येक प्रमेयाची सर्वांत सुंदर सिद्धता लिहून ठेवलेली आहे, अशी त्यांची कल्पना होती. कोणाची सिद्धता मनापासून आवडली, की ती थेट ‘ग्रंथा’तली आहे, असे ते म्हणत. गणितज्ञांच्या जगात याहून मोठी शाबासकी नव्हती. गणितज्ञाने देवावर विश्वास ठेवला नाही तरी चालेल, ‘ग्रंथा’वर मात्र ठेवलाच पाहिजे, असेही ते सांगत.

खुद्द एर्डिश देवभक्त नव्हते. देवाचा उल्लेख ते ‘सर्वोच्च फॅसिस्ट’ असा करीत. माणसांचे मोजे आणि पारपत्रे लपवून ठेवणारा आणि त्याहून वाईट म्हणजे उत्तमोत्तम सिद्धता स्वतःजवळ दडवून बसणारा, असा त्यांचा देव होता. या विनोदाला कडवटपणाची किनार होती. त्यांच्या जन्माच्या सुमारासच त्यांच्या दोन्ही बहिणी लोहितांग ज्वराने दगावल्या. पहिल्या महायुद्धात वडील रशियाच्या कैदेत पडले आणि अनेक वर्षे सैबेरियात राहिले. पुढे ज्यूंच्या संहारात अनेक नातलग बळी पडले. एर्डिश यांनी ना घर केले, ना संसार. एका बॅगेनिशी देशोदेशी फिरत त्यांनी पाचशेहून अधिक सहकाऱ्यांबरोबर सुमारे दीड हजार शोधनिबंध लिहिले. ज्याच्या न्यायावर विश्वास ठेवावा असे आयुष्यात फारसे काही घडले नाही, त्याच्या ग्रंथावर मात्र त्यांनी जन्मभर निष्ठा ठेवली.

मार्टिन आयग्नर आणि गुंटर त्सीग्लर या दोघा गणितज्ञांनी अशा निवडक सिद्धतांचे एक पुस्तक करायचे ठरविले, तेव्हा एर्डिश यांनी त्यासाठी अनेक सूचना केल्या. मात्र, १९९८ मध्ये ‘प्रूफ्स फ्रॉम द बुक’ या नावाने ते प्रसिद्ध झाले, तेव्हा ते हयात नव्हते.

सुंदर म्हणजे नेमके काय?

एक साधे उदाहरण घेता येईल. बाद पद्धतीच्या स्पर्धेत १०० खेळाडू उतरले आहेत. विजेता ठरेपर्यंत एकूण सामने किती होतील? पहिल्या फेरीत ५०, दुसरीत २५, तिसरीत एकाला पुढे चाल देऊन १२, अशी बेरीज करीत गेल्यास उत्तर मिळते. पण वाट लांबची आहे. दुसरी वाट अशी, की प्रत्येक सामन्यात नेमका एक खेळाडू बाद होतो. विजेता सोडून ९९ जण बाद व्हायचे आहेत. म्हणून सामने ९९. आकडेमोड संपली. शिवाय खेळाडू कितीही असले तरी सामने त्याहून एकने कमीच का, हेही कळले.

दुसरे उदाहरण सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचे, युक्लिडचे आहे. मूळ संख्या अगणित आहेत, हे त्याला दाखवायचे होते. त्याचा युक्तिवाद थोडक्यात असा मांडता येईल: तुमच्याजवळ मूळ संख्यांची एखादी यादी आहे असे समजा. त्या सर्वांचा गुणाकार करून त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला यादीतील कोणत्याही संख्येने भागल्यास बाकी १ उरणार. म्हणजे ती संख्या एकतर स्वतःच मूळ आहे किंवा तिचा मूळ विभाजक यादीबाहेरचा आहे. उदाहरणार्थ, २, ३, ५, ७, ११ आणि १३ यांच्या गुणाकारात १ मिळविल्यास ३००३१ ही संख्या मिळते. ती मूळ नाही. पण तिचे ५९ आणि ५०९ हे दोन्ही विभाजक यादीत नाहीत. यादी कितीही लांबवली तरी ती अपुरीच राहणार. आयग्नर आणि त्सीग्लर यांच्या पुस्तकाचा प्रारंभ याच सिद्धतेने होतो.

दोन्ही उदाहरणांत साधने थोडी, वाट जवळची आणि निष्कर्ष अटळ. ‘असे आहे’ एवढेच सांगून सिद्धता थांबत नाही, ‘असेच का असले पाहिजे’ हेही ती दाखविते. आपण काही रचले असे न वाटता, आधीपासून असलेले काही दिसले, असे वाचणाऱ्याला वाटते. देवाचे नाव ओठांवर येते ते याच क्षणी. सत्य कोणाच्याही मालकीचे नाही, ते माणसाच्या आधीही होते आणि नंतरही राहील, ही भावना व्यक्त करायला याहून सोयीचा शब्द भाषेत नाही.

श्रद्धेच्या अनेक परी

काहींच्या बाबतीत मात्र हा केवळ अलंकार नव्हता. श्रीनिवास रामानुजन आपल्या सूत्रांचे श्रेय नामक्कलच्या नामगिरी देवीला देत. त्यांना केंब्रिजला बोलावून घेणारे जी. एच. हार्डी कडवे नास्तिक होते. पण गणिती सत्य माणसाबाहेर असते आणि गणितज्ञ ते केवळ पाहतो, असेच तेही मानीत. कुरूप गणिताला जगात कायमचे स्थान नाही, असे त्यांचे मत होते. एकाला देवी दिसली, दुसऱ्याला केवळ सत्य; दोघांचे काम मात्र एकत्र चालले.

भारतीय परंपरेत हा संबंध अधिक जुना आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’च्या मंगलाचरणात ‘अव्यक्त’ हा शब्द श्लेषाने वापरून ईश्वर आणि गणित या दोघांना एकत्रच वंदन केले आहे. शून्याने भागून येणाऱ्या राशीत काही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही, हे सांगताना त्यांनी सृष्टीच्या उत्पत्ती-प्रलयातही अविकारी राहणाऱ्या अच्युताची उपमा दिली आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ स्थापल्याचा शिलालेख जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळील पाटण येथे आहे.

देवाचे नाव दरवेळी कौतुकानेच घेतले गेले, असेही नाही. १८८८ मध्ये डेव्हिड हिल्बर्ट यांनी एका प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष न काढता ते अस्तित्वात असलेच पाहिजे, एवढे सिद्ध केले. तेव्हा हे गणित नसून धर्मशास्त्र आहे, असे पॉल गोर्डान म्हणाल्याची आख्यायिका आहे.

यंत्राची सिद्धता

‘ग्रंथा’च्या कल्पनेची कसोटी लागली ती १९७६ मध्ये. कोणत्याही नकाशात शेजारचे प्रदेश वेगळे दिसण्यासाठी चार रंग पुरतात, हे १८५२ पासूनचे कोडे केनेथ अपेल आणि वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या साह्याने सोडविले. संगणकाने शेकडो प्रकार एकेक करून तपासले. ही तपासणी हाताने पडताळून पाहणे कोणालाही शक्य नव्हते. २००५ मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी या प्रमेयाची संपूर्ण सिद्धता संगणकीय प्रणालीकडून काटेकोर तपासून घेतली आणि शंकेला जागा उरली नाही. पण चारच रंग का पुरतात, हे एका दृष्टिक्षेपात सांगणारी सिद्धता अद्याप कोणाला सापडलेली नाही.

येथे प्रश्न केवळ आवडीनिवडीचा राहत नाही. सिद्धता कशासाठी हवी, खात्रीसाठी की आकलनासाठी? खात्री पुरेशी असेल, तर यंत्र ते काम माणसाहून चोख करील. आकलन हवे असेल, तर ‘ग्रंथा’तील पानाचा शोध सुरूच ठेवावा लागेल. शिवाय, प्रत्येक सत्याला सुंदर सिद्धता असलीच पाहिजे, याची हमी कोणीही दिलेली नाही. काही सत्ये मुळातच आडवळणाची असू शकतात.

सौंदर्यावरही सर्वांचे एकमत असते असे नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील सेमिर झेकी आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५ गणितज्ञांना ६० सूत्रे दाखविली. सुंदर वाटलेली सूत्रे पाहताना, संगीत वा चित्रांच्या सौंदर्याने मेंदूचा जो भाग उद्दीपित होतो, तोच येथेही उद्दीपित झाल्याचे आढळले. सर्वाधिक पसंती ऑयलरच्या नित्यसमीकरणाला मिळाली. सर्वांत कुरूप ठरली ती ‘पाय’चा व्यस्त देणारी रामानुजन यांची अनंत श्रेणी.

नामगिरीच्या भक्ताचे सूत्र गणितज्ञांना कुरूप वाटावे आणि ‘ग्रंथा’ची महती एका नास्तिकाने गावी, यातच या परंपरेचे मर्म आहे. गणितज्ञाचा देव नवसाला पावत नाही की प्रार्थना ऐकत नाही. कितीही अवघड प्रश्न असला, तरी त्याचे एक सोपे, स्वच्छ उत्तर कोठेतरी असेल आणि ते माणसाच्या बुद्धीला गवसेल, या आशेला गणितज्ञांनी दिलेले ते नाव आहे. ही आशा तर्काने सिद्ध होत नाही. पण तिच्यावाचून गणितात नवे काही शोधायला कोणी बसणारही नाही.