नर्सबाई का राहिल्या नाहीत

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६च्या अहवालात एक बेरीज आहे : १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० परवानाधारक, मिळून ब्रिटिश हिंदुस्थानात ४७,५२४ डॉक्टर. साधारण ६,३०० माणसांमागे एक, आणि तोही बहुधा शहरात. परवानाधारक म्हणजे कमी मुदतीत शिकलेले, आपल्याकडच्या जुन्या पाट्यांवरचे ‘एल.सी.पी.एस.’. समितीने बहुमताने तो अभ्यासक्रम बंद करून एकच पदवी ठेवायची शिफारस केली. डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना ही वाट इतक्यात बुजवू नये, अशी भिन्नमतपत्रिका सहा सभासदांनी जोडली. त्याच वर्षी परवानाधारक घडवणाऱ्या पुण्यातल्या बी. जे. मेडिकल स्कूलचे पदवीचे कॉलेज झाले.

समितीला ४०,००० लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिथे दोन डॉक्टर हवे होते. २ ऑक्टोबर १९५२ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, तेव्हा केंद्र विकास गटामागे एक ठरले, आणि गट तर ६०-७० हजारांचा. म्हणजे डॉक्टरने खेड्यात जावे की नाही हा प्रश्न येण्याआधीच कागदावरच्या जागा कमी पडल्या होत्या.

नगर जिल्ह्यातल्या जामखेडचे कागद मला म्हणूनच मोलाचे वाटतात. १९७०मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य कोणत्याही सरकारी हुकमाविना या दुष्काळी तालुक्यात राहायला आले. दोघे वेल्लोरचे पदवीधर, अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकलेले. ‘डॉक्टर खेड्यात जात नाही’ ही अडचण इथे नव्हतीच. तरीही त्यांची पहिली योजना फसली, आणि आपल्या लेखनात त्यांनी ते लपवलेले नाही. गावोगाव प्रशिक्षित नर्स ठेवायची असा बेत होता. बाहेरून आलेल्या, एकट्या राहणाऱ्या तरुण मुलीला गावात टिकणे जड गेले. गावातल्या बायकाही तिच्यापाशी मोकळ्या होईनात. मग गावातल्याच बाईला का शिकवत नाही, अशी सूचना एका गावपुढाऱ्याने केली. निवडलेल्या स्त्रियांत कित्येक निरक्षर, कित्येक दलित. त्या जामखेडला येऊन शिकत आणि आपल्या घरी परतत. त्यांच्या राहण्याची सोय कुणाला करावी लागली नाही!

प्रकल्पाच्या नोंदींत हजार जन्मांमागे बालमृत्यू १९७१ला १७६ आणि १९७६ला ५२ दिसतात. हे आकडे प्रकल्पाचे स्वतःचे आहेत, आणि मधल्या काळात १९७२चा दुष्काळ होऊन गेला. विहिरी, पिण्याचे पाणी, मुलांचे जेवण ही कामेही तेव्हाच झाली. म्हणून घटीचे सगळे श्रेय औषधाला देता येत नाही. देऊही नये, कारण आरोळ्यांचे म्हणणे तेच होते.

१९७५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या एका ग्रंथात जामखेडवर प्रकरण आले. २ ऑक्टोबर १९७७ला केंद्र सरकारने हजार वस्तीमागे एक आरोग्य कार्यकर्ता नेमायची योजना काढली : तीन महिने शिक्षण, नंतर महिना ५० रुपये. निवडले गेले ते बहुतेक पुरुष. जामखेडचा गाभा नेमका इथे सुटला असे मला वाटते. गरोदर बाईने आपले दुखणे त्यांना सांगायचे कसे?

२००५च्या ‘आशा’ योजनेत गावातलीच स्त्री हवी असा नियम आला. सोबत आठवीपर्यंत शिक्षणाची अट होती. योग्य स्त्री न मिळाल्यास तेवढी सवलत. जामखेडच्या पहिल्या कार्यकर्त्यांतल्या कित्येकजणींची निवड, ही अट तेव्हा असती तर, या सवलतीखालीच होऊ शकली असती.