साक्षीदार एक, पुस्तकं चार

एखादी हकीकत चार पुस्तकांत आढळली की आपण सहज म्हणतो, "चौघांनी लिहिलंय, म्हणजे खरंच असणार." इतिहासात हा हिशेब बरेचदा फसतो. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून सतराव्या शतकाच्या अखेरीस शिवाजी महाराजांची बखर लिहिली. पुढची चित्रगुप्ताची बखर बरीचशी सभासदाच्याच मजकुरावर उभी आहे, पदरची भर घालून वाढवलेली. तेव्हा दोन्हींत एकच प्रसंग दिसला तर साक्षी दोन होत नाहीत. साक्ष एकच, दोनदा ऐकू येते एवढंच. बखरकारांच्या काळी यात कुणाला वावगं वाटत नसे. आज मात्र निबंध लिहिताना आपण मूळ लपवलं, तर पुढचा वाचक आपल्यालाच तिसरा साक्षीदार धरून बसतो.

ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास छापला, तेव्हा आपली साधनं तळटिपांत नोंदवली. म्हणूनच पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांसारख्या अभ्यासकांना त्याची तपासणी करता आली. राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' काढली, तीत पत्राला लेखांक असतो. बडोद्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर गो. स. सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तिथेही खंड आणि लेखांक सांगितला की कागद हाती लागतो. त्यामुळे "पेशवे दप्तरात आहे" एवढ्यावर भागत नाही.

आता आपल्या भाषेत सांगण्याबद्दल. जुन्या पत्राचा मजकूर आजच्या मराठीत आणायला काहीच हरकत नाही. नुसते चार शब्द इकडचे तिकडे केले म्हणून तो आपला होत नाही, इतकंच. शिवाय त्यात एक धोका आहे. समजा, पत्र लिहिणारा म्हणतो, 'पाच हजार फौज आली, असे वर्तमान आहे.' आपण लिहितो, 'पाच हजार फौज आली.' वाक्य सुटसुटीत झालं, पण ऐकीव बातमीची पक्की घटना झाली! खाली लेखांक दिला तरी ही चूक झाकली जात नाही. उलट तिला पुराव्याचा शिक्का मिळतो.

म्हणून निबंध पाठवण्याआधी प्रत्येक हकीकतीला तीन प्रश्न विचारावेत: हे मुळात कुणी सांगितलं? त्याने पाहिलं होतं की ऐकलं होतं? आणि आपण मूळ कागद वाचला की दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतला? दुसऱ्याकडून घेतला असेल तर त्या दुसऱ्याचंही नाव द्यावं. त्याने आपला मान कमी होत नाही, आणि आपल्या मागून येणाऱ्याला वाट सापडते.