शेतकऱ्याची बखर

श्रोतेहो, आपण दोन, तीन, चार मोजतो. रशियन माणूस ‘द्वा, त्रि, चितीरे’ मोजतो. संस्कृतातला अग्नी त्याच्याकडे ‘अगोन’ होतो. हा योगायोग नव्हे. रशियन ज्या स्लाव्ह घराण्यातली, ते घराणे आणि आपली मराठी ही इंडो-युरोपीय नावाच्या एकाच मोठ्या कुळातली आहेत.

या स्लाव्ह घराण्याच्या तीन शाखा. पूर्वेची रशियन, युक्रेनियन, बेलारूशियन यांची. दक्षिणेची बल्गेरियन, सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन वगैरेंची. आणि पश्चिमेची पोलिश, चेक, स्लोव्हाक यांची. याच पश्चिम शाखेत पोलाबियन नावाची एक भाषा होती. एल्ब नदीला स्लाव्ह लोक लाबे म्हणतात. तिच्या काठची म्हणून पोलाबियन. तो मुलूख आज जर्मनीत आहे.

तिथे जर्मनांचे राज्य आले. कचेरी, चर्च, बाजार सगळीकडे जर्मन चालू लागली. ख्रिस्तियान हेनिग नावाच्या धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे, की म्हातारी माणसेसुद्धा मुलांसमोर आपली भाषा बोलायला कचरत. कारण पोरे हसत. घरातच अशी लाज शिरल्यावर भाषा टिकणार कशी?

योहान पारूम शुल्त्से हा त्या भागातला शेतकरी. 1725 च्या सुमारास त्याने गावची बखर लिहिली आणि तीत पोलाबियन शब्द टिपून ठेवले. मी आणि गावातली आणखी तिघे गेलो, की कुत्र्याला आमच्या भाषेत काय म्हणतात हेसुद्धा कोणाला धड सांगता येणार नाही, असे त्याने लिहिले. तो 1740 साली वारला. ही भाषा जन्मापासून बोलणारी शेवटची बाई 1756 साली गेली, असे मानतात.

तिचीच एक शेजारीण मात्र तगली. पूर्व जर्मनीत, स्प्रे नदीच्या काठी सोर्बियन बोलतात. संस्कृतातल्यासारखे द्विवचन तिने अजून जपले आहे. 1847 साली तिच्यासाठी बाउत्सेन गावी संस्था निघाली. नाझींनी 1937 पासून या भाषेची गळचेपी केली. पण 1948 साली सॅक्सनीत कायदा झाला आणि शाळेत तिला हक्काची जागा मिळाली. तरी घराघरांतून ती ओसरतच होती. तेव्हा 1998 साली कोट्बुस इथल्या एका बालवाडीत मुलांशी दिवसभर सोर्बियनच बोलायला सुरुवात झाली. त्या उपक्रमाचे नाव ‘विताय’, म्हणजे ‘या, स्वागत असो’.

शुल्त्सेच्या गावाला अशी बालवाडी मिळाली नाही. शब्द वहीत उतरले, पण ते बोलायला मूल उरले नाही. शिक्षकबंधूंनो, आपल्या वर्गातले मूल घरची बोली बोलले आणि इतर हसले, तर त्या वेळी हा शेतकरी आठवावा.