रिसोडची वेलांटी

वाशीम जिल्ह्यातील रिसोडचे नाव लिहून पाहा. वेलांटी ‘र’च्या आधी दिसते, उच्चारात मात्र नंतर येते. मग संगणकाने कोणता क्रम साठवावा? भारतीय मानक ‘इस्की’ने उच्चाराचा क्रम निवडला. १९९१ साली आलेल्या युनिकोडने देवनागरीसाठी इस्कीच्या १९८८च्या आराखड्याचाच आधार घेतला. म्हणून संगणकात रिसोड म्हणजे र, वेलांटी, स, ओकार, ड अशी पाच संकेतांची रांग.

पडद्यावर वेलांटी डावीकडे नेणे हे अक्षरे जुळवणाऱ्या आज्ञावलीचे काम. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली ‘जीएनयू ईमॅक्स’ हा मजकूर-संपादक मूळ आज्ञावलीसह खुला केला. लिनक्सवर आपण तो स्वतः बांधू शकतो. ‘कॉन्फिगर’ संगणकाची तपासणी करते, ‘मेक’ कंपायलरकडून यंत्रभाषेत रूपांतर करवून घेते, ‘मेक इन्स्टॉल’ तयार संपादक जागेवर ठेवते. २०२० सालच्या २७व्या आवृत्तीपासून अक्षरजुळणीसाठी ‘हार्फबझ’ची सोय झाली. तपासणीत अशी कोणतीच सोय सापडली नाही, तरी बांधणी थांबत नाही. अहवालात फक्त ‘नाही’ अशी नोंद होते. मग रिसोडची वेलांटी ‘र’ सोडून ‘स’ला चिकटल्यासारखी दिसते.

विद्यार्थ्यांकडून हा अहवाल जरूर वाचून घ्यावा. मूळ आज्ञावली हाती असली, की चूक केवळ दिसत नाही, तिचे कारणही शोधता येते.